फुलकोबीचा गोळाभात

गोळाभाताचं नाव काढलं म्हणून सांगतो. आमच्या बाबांचा त्यात जीव, पण शुगर निघाली अन् डॉक्टरनं भात बंद केला. मग आई फुलकोबी किसून तिचाच भात करे, त्यात डाळीचे गोळे घाले, वरून हिंगाची फोडणी. बाबा दर खेपेस विचारत, "आज तरी तांदूळ हाय का वं?"

आई म्हणे, "खाऊन तं पाहा."

एका घासात ओळखत, अन् मुकाट जेवत.

बाबा गेले. दहाव्याले आईनं तांदळाचा गोळाभात केला. नदीवर पान ठेवलं, तं कावळा शिवेच ना.

मी हात जोडले, "बाबा, आईले सांभाळीन." तरी नाई.

मग आईच पुढं झाली.

"या ना जी. आज कोबी नाई. तांदूळच हाय."