हातांवरून

(नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेरचा बाक. आत्या याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतू तपासते.)

आई : अगं, पण बाळाला औषध लागू पडत होतं ना? तूच म्हणालीस.

आत्या : पहिल्या तपासणीत पडत होतं, वहिनी. काल पुन्हा रक्त घेतलं. आज जंतू वाढवायची बशी उघडली, तर औषधात भिजवलेल्या कागदी टिकलीला खेटून जंतू वाढलेले.

आई : दोन दिवसांत शहाणे झाले?

आत्या : उसनं घेतलं. त्यांना आपल्यासारखं पोरं व्हायची वाट बघावी लागत नाही. शेजारी परजातीचा का असेना, त्याला चिकटायचं आणि औषध पचवणारं जनुक घ्यायचं. मेलेल्याचं सांडलेलंही उचलतात.

आई : मग माझं जनुक दे ना बाळाला. लहानपणी मी याच दुखण्यातून उठलेय.

आत्या : दूध दे. जनुकं आता नाही देता येत. आपले जनुकांचे पत्ते एकदाच पिसतात, बाईच्या पोटात बीज होताना. तुझ्या आईवडिलांकडचे पिसून याच्या वाट्याचे निघाले, तेव्हा तू स्वतःच आईच्या पोटात होतीस.

आई : इतकं आधी?

आत्या : इतकं आधी.

आई : नाक मात्र तुझ्या भावाचं उचललंय लबाडाने.

आत्या : हो. फेंदारलेलं.

आई : शेजारी म्हणालीस. कोण शेजारी?

आत्या : असेल कुणीही.

आई : खोटं बोलताना तू चष्मा पुसतेस.

आत्या : पलीकडच्या पाळण्यातलं बाळ. सोमवारी गेलं ना, ते. त्याच्या जंतूंत तेच जनुक होतं.

आई : पाळणा तर केवढा लांब.

आत्या : हातांवरून येतात. नर्सच्या, डॉक्टरांच्या...

आई : रविवारी ते रडून रडून निळं पडलं होतं. त्याच्या आईची भूल उतरली नव्हती. मी घेतलं छातीशी. गप्प झालं. मग याची पाजायची वेळ झाली, म्हणून तशीच उठून इकडे आले.

आत्या : वहिनी, कुणाच्याही हातून...

आई : राहू दे. दुसरं औषध आहे?

आत्या : एक आहे. कडक आहे. एवढ्याशा जिवाला पेलेल का, डॉक्टरही सांगत नाहीत. दुपारी सुरू करतायत.

आई : तोवर?

आत्या : तोवर त्याला जवळ घे. कधीचा रडतोय.

आई : या हातांनी?

आत्या : त्याच्या ओळखीचे तेवढेच आहेत.

आई : थांब. इथे साबण कुठे असतो, तेवढं दाखव.