उघाडीखालची बाई

समारंभाचे अध्यक्ष भागोजीराव, व्यासपीठावरील मान्यवर, ग्रामस्थ आणि आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या अंगणवाडीच्या मदतनीस नीराबाई,

मला ‘लोककथांच्या अभ्यासक’ म्हणून बोलायला उभं केलंय. परीकथा कुठून येतात? माझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी त्यावर चार पानं लिहिली. मानवी मन, स्वप्नं, वगैरे. नीराबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “आम्ही शेतात वाकलेलो. पोरं बांधावर. कोन बघनार त्यांना?”

म्हणून त्यांच्या सासूने गोष्ट रचली. बांधातलं भरतीचं पाणी अडवणारं दार, आपली उघाडी, तिच्याखाली एक बाई राहते. जवळ येणाऱ्या पोराचा पाय ओढते.

मला ती भेसूर वाटली. पुस्तकात मी तिची परी केली. ती मुलांना मोती देते. पुस्तकाला बक्षीस मिळालं, शाळेत आणि अंगणवाडीत वाटलं गेलं. सत्कारात नीराबाईंचं नाव घ्यायचं राहिलं. राहिलं की टाळलं, हे मी अजून स्वतःला विचारते.

गेल्या श्रावणात पाच वर्षांची राही अंगणवाडीतून निसटून उघाडीवर गेली. नीराबाईंनी छातीभर पाण्यातून तिला ओढून काढलं. पोर वाचली. चौकशीच्या कागदावर मात्र ‘मदतनिसाचं दुर्लक्ष’ असं आलं. आजच्या या निरोपाचं कारण वय नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कागदावर नाही ते सांगते. आरडाओरड ऐकून मीही उघाडीवर धावले होते. पाण्याबाहेर आल्यावर राही मला म्हणाली, “बाई, मोती न्हाय गावला.” चौकशीच्या बैठकीत मी हजर होते. हे वाक्य मी तिथे सांगितलं नाही.

काल नीराबाईंच्या घरी जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमची परी लय देखनी हाय, बाई. माझी काली, दातपडकी. पन तिनं एक बी पोर बुडू दिलं न्हाय.”

अध्यक्ष महाराज, माझं लेखी निवेदन आपल्या टेबलावर, हाराच्या ताटाखाली ठेवलंय. हार घालण्याआधी ते वाचावं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास सभेने पोटात घालावं. बाकीची माफी सभेच्या हातात नाही. काल ती मागितली, तेव्हा नीराबाईंनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.