अनिश्चित

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी दोन जावा हळू आवाजात बोलत होत्या. धाकटी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती.

“चादरीत राहिलेली सुई टोचली, ताई. महिन्यानं एचआयव्हीची तपासणी केली, तर कागदावर ‘अनिश्चित’ आलं.”

“म्हणजे आहे?”

“नाही.”

“मग नाही?”

“तसंही नाही. कधीकधी रक्तातलं दुसरंच काहीतरी चाचणीला चकवतं म्हणे. सुई वाळलेली होती, धोका फारच कमी, असं डॉक्टर म्हणाल्या. परवा वेगळ्या चाचणीला रक्त दिलंय.”

“म्हणून पंधरा दिवस माझ्या लेकीला जवळ घेत नाहीस?”

“भीती वाटते.”

“जवळ घेऊन होत नाही ते, एवढं मलाही कळतं. आणि पोर मला विचारते, काकूला मी आवडत नाही का?”

धाकटीला आत बोलावलं. ती दहा मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आली.

“निगेटिव्ह आहे. दोन महिन्यांनी एकदा शेवटचं बघायचं. तेही असंच येईल, म्हणाल्या.”

“येईल की. चल, ऊठ म्हणायचं तर तू उभीच आहेस.”

“कुठे?”

“शाळा सुटायची वेळ झाली. आज तिला आणायला तू जा. मी शाळेच्या फाटकापाशी थांबते.”