चव्हाणांचं नाव कुणी सांगितलं

मंडळी, मालतीताईंच्या घरची माणसं, आमच्या संस्थेतले जुनेनवे सहकारी, आपण सगळे कामं टाकून या शोकसभेला आलात. मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा मी लगेच उठलो नाही. दुःखानं उठवत नसेल, असं आपल्याला वाटलं असेल. तसं नाही. मी घाबरलो होतो. अजूनही घाबरलेलो आहे. त्यामुळे मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मालती गायकवाड. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. अर्थशास्त्र शिकली आणि आमच्या छोट्या संशोधन संस्थेत आली. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं.

उदारीकरणानंतरची ती वर्षं. हडपसरला शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. राज्यात गुंतवणूक यावी म्हणून उद्योगांना नेमकं काय अडतं, याचा अभ्यास सरकारला हवा होता. तो आमच्याकडे आला. बाकीच्यांनी मोठ्या कंपन्यांची यादी केली. ताई म्हणाल्या, छोट्या वर्कशॉपमध्येही जायचं. का, असं कुणीतरी विचारलं. तर म्हणाल्या, "मोठी कंपनी आली की तिला आपण गुंतवणूकदार म्हणतो. छोट्याला अर्जदार म्हणतो. मला अर्जदारांना भेटायचंय."

आणि आम्ही भेटलो. मी आणि ताई, बसनं, रिक्षानं, चालत. परवाना मिळायला किती खेपा घातल्या? वीज किती वेळा जाते? तपासणीला कोण येतं आणि काय मागतं? या शेवटच्या प्रश्नाला सगळे विषय बदलायचे. चव्हाण नावाचे एक गृहस्थ होते. हडपसरला पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडकामाची दोन प्रेस मशिनं आणि चार कामगार. त्यांनी आधी शेडचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, की निरीक्षकानं आपल्या बंगल्याचं फाटक माझ्याकडून फुकटात करून नेलं, तेव्हा कुठे कागदावर सही केली. आणि लगेच म्हणाले, "ताई, नाव नको हां कुठं. मला हितंच धंदा करायचाय."

ताई म्हणाल्या, "तुमचं नाव बाहेर जाणार नाही. शब्द देते."

अहवाल सरकारकडे गेला. अधिकारी घरची कामं फुकटात करून घेतात, असं एकच वाक्य त्यात होतं. त्या एका वाक्यासाठी मला सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. ताई त्या दिवशी परगावी होत्या. तिथल्या साहेबांनी चहा मागवला. घरी कोण कोण असतं, ते विचारलं. माझी बायको गरोदर होती, तेही मी सांगून बसलो. नोकरी अजून कायम नाही ना, असंही त्यांनी विचारलं. आवाज कुठेही चढला नाही, मंडळी. आवाज चढला असता तर कदाचित मी टिकलो असतो. ते म्हणाले, "हे कुणी सांगितलं, ते एकच नाव सांगा. कुणाला कळणारही नाही."

मी सांगितलं.

त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

आठवड्याच्या आत चव्हाणांच्या शेडला सील लागलं. कागदावर कारण होतं मशिनची सुरक्षा. ताई परत आल्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं, प्रत्येक प्रश्नावलीचं नावाचं पान फाडलं आणि पाण्याच्या बादलीत टाकलं. हातानं कुस्करून त्याचा लगदा केला. पाणी फरशीभर झालं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला भीती वाटत नाही असं वाटलं का तुला? माझ्या पाठीशी कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही हडपसरला गेलो. चव्हाण बंद शेडबाहेर उभे होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई पुढे झाल्या. म्हणाल्या, "चव्हाण, तुमचं नाव माझ्याकडून फुटलं." चव्हाण एवढंच म्हणाले, की पुन्हा इथं येऊ नका.

बसस्टॉपवर मी विचारलं, असं का सांगितलंत? त्या म्हणाल्या, "शब्द माझा होता. आणि तू खरं बोलला असतास, तर ते हडपसरभर झालं असतं. हा दबला की नाव सांगतो, हे सगळ्यांना कळलं असतं. मग तुला रोज कुणी ना कुणी चहाला बोलावलं असतं. बाकीची नावं तुझ्या डोक्यात आहेत. ती काही मला बादलीत टाकता येत नाहीत."

खरं होतं ते. मी दिली असती ती नावं.

सील काढायला ताई सात महिने खेपा घालत होत्या. सील निघालं, पण तोवर चव्हाणांचं गिऱ्हाईक गेलं होतं, कामगार गेले होते. वर्षभरात शेड बंद झालं. पुढे ते एका आयटी कंपनीच्या इमारतीत देखभालीच्या कामाला लागले, असं कानावर आलं. मी कायम झालो, बढती मिळाली, मुलगी शिकली. ताईंनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी तर नाहीच काढला. किती वर्षं? सगळीच.

आज मी इथे ताईंच्या अभ्यासाविषयी बोलणार होतो. पण आत येताना मागच्या रांगेत चव्हाण दिसले. केस पांढरे झालेत, तरी ओळखलं. चव्हाणसाहेब, तुम्ही का आलात, मला माहीत नाही. ताईंवर तुमचा राग असेल, तर तो त्यांच्या नावावर राहायला नको.

चव्हाणसाहेब, मालतीताईंनी तुमचं नाव कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं.

माझ्या मुलीनंही हे आत्ता पहिल्यांदाच ऐकलं. ती तिसऱ्या रांगेत बसलीय. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नाही.

ताई, शब्द तुम्ही पाळला होता. माझा नमस्कार घ्या.

मंडळी, आता आपण थोडा वेळ शांत उभे राहू या. त्यानंतर चव्हाणसाहेबांना मला काही विचारायचं असेल, तर मी खाली जाऊन बसणार नाही. इथेच उभा आहे.