नॉबवालाच द्या

रेडिओ दुरुस्तीला देऊन आक्का दुकानातल्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक जोडपं घरच्या रेकॉर्डिंगसाठी आवाज सुधारणारा इक्वलायझर निवडत होतं. तोंडाला कुलूप लावता येतं, कानाला कोण लावणार?

“अहो, डिजिटल घ्या. एकदा लावलेला आवाज तो लक्षात ठेवतो. तुम्हाला कालची भाजी आठवत नाही.”

“अगं, पण या नॉबवाल्या अ‍ॅनालॉगचा गोडवा त्यात नाही. नातीला गाणी पाठवायचीत ना? गा बघू माइकवर दोन ओळी, मी नॉब फिरवतो.”

ती गायली.

“आहाहा! या नॉबनं बघ कसा मधासारखा झाला आवाज!”

“काका, तो इक्वलायझर अजून जोडलेलाच नाही. काकूंचा आवाज सरळ स्पीकरला जातोय,” दुकानदार म्हणाला.

आक्कांनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

“म्हणजे मध माझ्याच गळ्यातला?” काकूंनी नवऱ्याला विचारलं.

“मग? आहेच की.”

“तीस वर्षांत कधी बोलला नाहीत ते!”

“विषयच निघाला नाही कधी.”

“काकू, मग डिजिटलच बांधू ना?”

“छे! हा नॉबवालाच द्या. तो हातात आला की यांचं तोंड उघडतं. जोडायची वायर नाही दिलीत तरी चालेल.”