अश्वत्थाम्याचा थेंब

(मंद्रूप. सकाळची वेळ. शिवबाईचं अंगण. काल देवळाच्या मंडपात कीर्तन करून भाचा मृत्युंजय मुक्कामाला राहिला आहे; आज संध्याकाळीही त्याचं कीर्तन आहे. शिवबाईच्या हातात तेलाची वाटी.)

शिवबाई : असा जवळ ये. अजून जवळ. डोक्याला तेल घालते अन् एक गोष्ट सांगते.

मृत्युंजय : गोष्ट सांगून काल माझाच घसा बसलाय, मावशी.

शिवबाई : बसू दे की. निदान गप ऐकशील. आदी ती शाल काढ.

मृत्युंजय : अगं, मानाची आहे. कीर्तन ठेवणाऱ्या वीरभद्रप्पांच्या पुतण्यांनी भर मंडपात घातली.

शिवबाई : म्हणूनच. शिसारी येती मला. तितं दगडावर टाक.

मृत्युंजय : बरं, टाकली. पण थेंब विसरलीस की. तेल लावायच्या आधी अश्वत्थाम्याच्या नावानं जमिनीवर एक थेंब. तूच शिकवलंस.

शिवबाई : इसरले न्हाय. आज त्याला थेंब न्हाय.

मृत्युंजय : का गं?

शिवबाई : काल तू त्याला लई मोठा केलास. बापाच्या सुडापायी छावणीत शिरला, द्रौपदीची पाच पोरं झोपेत कापली. अन् तू एकेका पोरावर टाळी घेतलीस. पुढं बसलेल्यांनी शिट्ट्या मारल्या, तवा हसलास बी. मी मागं झांज धरून उभी हुते. बघितलं मी.

मृत्युंजय : वीररस असतो तो. लोक पेंगायला लागले की द्यावा लागतो.

शिवबाई : थू! निजलेलं लेकरू कापण्यात कसला रे वीररस? अन् तितंच आरती घेतलीस. त्याला बांधून आणला, द्रौपदी बोलली, कपाळावरचा मणी काढला, ते कुटं गेलं?

मृत्युंजय : वीरभद्रप्पा म्हणाले, बुवा, सुडावरच संपवा. पुढचं रडगाणं नको.

शिवबाई : का नको, ठावं हाय?

मृत्युंजय : मी सोलापुरात राहतो, मावशी. मला इथलं काय कळणार?

शिवबाई : मग ऐक. आपल्या मायाक्काचा पोरगा निंगप्पा ज्वारीच्या राखणीला मळ्यात निजला हुता. बांधाचं भांडण. बाजेवरच कुऱ्हाडी घातल्या. ज्यांनी घातल्या ते जामिनावर सुटल्यात. तुला शाल त्यांनीच घातली.

मृत्युंजय : शिव शिव! मला खरंच माहीत नव्हतं गं.

शिवबाई : ते माहीत नव्हतं. पण पोरं निजली हुती, हे तर माहीत हुतं की.

मृत्युंजय : ...मायाक्का आली होती?

शिवबाई : खांबाला टेकून बसली हुती. आरती झाल्यावर माज्याकडं आली. मला वाटलं, आता तुला शिव्या घालती. तर म्हणाली, "शिवाक्का, त्या पाच पोरांची आई पुढं काय म्हणाली गं? बुवांनी सांगितलंच न्हाय."

मृत्युंजय : तू काय सांगितलंस?

शिवबाई : म्हणले, उद्या सांजच्याला बुवा सांगतील.

मृत्युंजय : मावशी! मंडप त्यांचा, माईक त्यांचा. मधेच बंद करतील. पुन्हा कधी बोलावणार नाहीत.

शिवबाई : न्हाय बोलावलं तर न्हाय. तुजा आजा बी कीर्तन करायचा, त्याला कुटं माईक हुता?

मृत्युंजय : आणि सांगायचं तरी काय? मायाक्काला सांगू, की त्याला सोडून दिलं?

शिवबाई : सोडलं कुटं? द्रौपदी म्हणाली, मारू नका, मी रडते तशी त्याची आई रडाय नको. केवढं काळीज तिचं! अन् तो? त्याला मरण बी न्हाय. मणी काढलेल्या जखमेतनं पू वाहतुय, माशा बसत्यात, दारोदार तेल मागत हिंडतुय. केलेलं त्याच्याच कपाळावर नासतंय. हे ऐकव त्यांना. मग शिट्टी येती का बघू.





मृत्युंजय : दे ती वाटी. थेंब मी टाकतो.

शिवबाई : कुणाच्या नावानं?

मृत्युंजय : त्याच्याच. ती जखम सुकत नाही, हे आज पुढच्या रांगेकडं बघून सांगणार आहे. माईक असो, नसो.

शिवबाई : मग टाक. अन् गाताना आमच्या निंगप्पाला ध्यानात ठेव. तो बी पालथाच निजायचा, तुज्यागत.