सत्कार आणि सेकंड शिफ्ट

कामगारांच्या केसेस लढणाऱ्या वकिलांची संघटना काढतोय म्हटल्यावर नगर जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या ज्येष्ठांना पदं हवी झाली, हे तुम्हाला माहीत आहेच. पण पहिल्या परिषदेत काय झालं ते ऐका.

एमआयडीसीत पॅकिंगला असलेल्या सुनंदाताई बोलणार होत्या. त्यांच्या कारखान्यात बायकांना लघवीलाही सोडत नाहीत, आणि ही केस घ्यायला आम्हाला वकील हवे होते. ताईंची सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस सुटायला आली होती. व्यासपीठावर मात्र सत्कारच चाललेले. प्रत्येकाचा परिचय शाळेपासून!

मी अध्यक्षांच्या कानाशी गेले. "सर, ताईंना बोलू द्या ना."

"अगं, आधी ज्येष्ठांचा मान. तू अजून लहान आहेस."

लहान काय! मी सरळ माइक घेतला. "कामगारांची परिषद आहे, तेव्हा उरलेले सगळे सत्कार सुनंदाताईंच्या हस्ते होतील!"

टाळ्या पडल्या. आता नाही कोण म्हणणार?

ताई उठल्या. शाल खांद्यावर, नारळ हातात, पुढचा. शाल, नारळ, पुढचा. पॅकिंगचा हात तो! फोटोग्राफरला कॅमेरा वर करायलाही सवड मिळाली नाही. शेवटी अध्यक्ष.

"अहो बाई, माझा परिचय वाचायचा राहिला!"

"तुमाला कोन वळखत न्हाई, सर? बसा आता."

सर खूश होऊन बसले, आणि ताईंनी त्यांच्या पुढ्यातला माइक स्वतःकडे ओढून घेतला.